न गिळलेलं औषध

माझी आई औषधं चाखते. थट्टा नाही करत, हीच तिची नोकरी. लहान मुलांची सिरपं बनवणाऱ्या कारखान्यात एक पांढरीशुभ्र खोली आहे. तिथे सहा बायका ओळीने बसतात, त्याला पॅनेल म्हणतात. प्रत्येकीपुढे छोटे कप येतात. कपातलं औषध तोंडात घ्यायचं, जिभेवर घोळवायचं, बेसिनमध्ये थुंकायचं, खळखळून चुळा भरायच्या आणि किती कडू लागलं ते सांगायचं. कामावर जाताना सेंट नाही, लिपस्टिक नाही, कच्चा कांदा तर अजिबात नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया थुंकायला ऑफिसात जातात. शाळेत मी तसं सांगितलं तेव्हा अख्खा वर्ग खदाखदा हसला आणि मी पुढच्या बाकावरच्या मुलीच्या वेण्या ओढल्या.

मी बस चालवते. तोंडाने फटकळ आहे, हे मीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला वाईट वाटायला नको. माझा नवरा शाळेत गणित शिकवतो. तो बोलतो ते स्वयंपाकघरात ऐकू येत नाही, मी बोलते ते शेजारच्यांना पाठ आहे. आम्हाला दहा महिन्यांची मुलगी आहे. जन्मली तेव्हाच अशी गुबगुबीत होती, की नर्सने तिला पहिल्या दिवशी ढमी म्हटलं आणि तेच चिकटलं. आई आमच्याकडेच राहते. चाखायचं काम सकाळचंच असतं, कारण दोन तासांनी जीभ थकते म्हणे. नवऱ्याची शाळा दुपारची. त्यामुळे सकाळी ढमी बापाकडे आणि दुपारपासून आजीकडे, असं आमचं बरं चाललं होतं.

आईला एक खोड. कुठलीही गोष्ट चाखल्याशिवाय तिच्या हातून पुढे जात नाही. गाजर उकडून कुस्करलं की पहिला चमचा तिच्या तोंडात, मीठ बघायला, चटका बसतो का बघायला, आणि तोच चमचा पुन्हा भरून ढमीच्या तोंडात. चोखणी खाली पडली की नळापर्यंत जायचा कंटाळा. स्वतःच्या तोंडात घालायची, इकडून तिकडे फिरवायची, झाली साफ.

"अगं, धू ना जरा!" मी ओरडायचे.

"तुला असंच वाढवलंय. काय झालं तुला? नुसता आवाज वाढला."

नवरा तर खुदकन हसून वहीत तोंड घालायचा.

गेलं वर्षभर त्यांच्याकडे एका नवीन औषधाचं काम चाललं होतं आणि आईला त्याचा कोण अभिमान! अँटिबायोटिक तसं जुनंच, पण जालीम. आजवर ते सुईनेच द्यावं लागायचं. तोंडाने दिलं तर पोटातल्या आम्लात त्याची वाट लागायची, आणि जे काही वाचायचं ते आतड्यातून रक्तात शिरायचं नाही. वर इतकं कडू, की थेंबभर जिभेवर पडलं तरी मूल घर डोक्यावर घेईल. मग त्यांच्या लॅबच्या साहेबांनी त्या औषधाचे अतिशय बारीक कण केले. किती बारीक, तर केसाच्या जाडीत शेकडो मावतील. नॅनो, नॅनो म्हणतात ते हेच. प्रत्येक कणावर एक पापुद्रा. त्यामुळे कडूपणा झाकला जायचा, पोटातल्या आम्लाची मात्रा चालायची नाही, आणि खाली आतड्यात पोचल्यावर कण तिथल्या अस्तराला चिकटून बसायचे आणि आतलं औषध हळूहळू सोडायचे.

"चिकटतात म्हणजे कसे?" मी विचारलं होतं.

"तुझ्या बसच्या सीटखाली च्युइंगम चिकटतं ना, तसे," आई म्हणाली. "खरवडल्याशिवाय निघायचे नाहीत. साहेब म्हणतात, आता पोरांना सुया टोचायची गरजच उरणार नाही."

रोज सकाळी ते औषध या सहाजणींच्या जिभेवरून जायचं. आज पापुद्रा थोडा जाड, उद्या थोडा पातळ, परवा संत्र्याच्या वासाचा. आई घरी येऊन सांगायची, आज बरं होतं, आज शेवटी कडसर मारत होतं. मध्येच तिला सकाळचा चहा कडू लागायला लागला. तिने चहाची पावडर बदलली, दूध बदललं, मग माझ्यावर घसरली, की तू भांडी नीट विसळत नाहीस. मी म्हटलं, आता वय झालं तुझ्या जिभेचं. झालं! बाईसाहेब दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

आणि मग ढमीचा कान दुखायला लागला.

पहिल्यांदा आम्हाला दात येताहेत असं वाटलं. मग ताप आला, कानातून पू यायला लागला. नेहमीचं सिरप दिलं, काही फरक पडेना. हॉस्पिटलात नेलं. तिथल्या मुलांच्या डॉक्टर बाई उंच, केस अगदी बारीक कापलेले, बोलणं सरळ. त्यांना सुईने औषध द्यायचं होतं, पण ढमीच्या हातापायांत मांसच इतकं, की शीर सापडेना. नर्सने इथे टोचून पाहिलं, तिथे टोचून पाहिलं आणि शेवटी हात टेकले. ढमी रडून रडून निळी पडली होती आणि मी त्या नर्सला काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

"एक नवीन औषध आहे, तोंडाने द्यायचं," डॉक्टर बाई म्हणाल्या. "अजून बाजारात आलेलं नाही. इथे काही बाळांना परवानगी घेऊन देतोय आणि छान लागू पडतंय. तुमची तयारी असेल तर हिलाही देऊ."

त्यांनी नाव सांगितलं आणि आईचा चेहरा असा उजळला, की मी बघतच राहिले. तेच औषध! पहिला डोस तिनेच पाजला. ढमीने चक्क ओठ चाटले. "बघ, बघ," आई मला कोपराने ढोसत म्हणाली, "माझ्या जिभेचं वय झालं म्हणत होतीस ना?" मला हसू आलं आणि बरं वाटलं. खरंच खूप बरं वाटलं. आपल्याच घरातलं माणूस ज्या औषधासाठी झटलं, ते आपल्याच मुलीच्या कामी येतंय, याहून चांगलं काय असतं?

पण ताप उतरायचा सोडून चढत गेला. दुसऱ्या दिवशी कानामागे सूज आली. तिसऱ्या दिवशी ती सूज इतकी वाढली, की कान पुढे ढकलल्यासारखा दिसायला लागला. ढमी रडेनाशी झाली, नुसती कण्हत पडून राहायला लागली. तिच्या रडण्याला वैतागणारी मी, ती रडावी म्हणून तिचे तळपाय चोळत बसले होते.

डॉक्टर बाईंनी मला आणि नवऱ्याला आत बोलावलं. टेबलावर एक चपटी काचेची थाळी होती. तिच्यावर दुधट साय धरली होती. ते ढमीच्या कानातले जंतू. त्यांच्यावर कागदाच्या छोट्या गोल चकत्या ठेवल्या होत्या, प्रत्येक चकतीत वेगळं औषध. जे औषध जंतूंना मारतं, त्या चकतीभोवती साय विरघळून स्वच्छ गोल पडतो, असं त्यांनी समजावलं. मग पेनाच्या टोकाने एक चकती दाखवली. तिच्याभोवती काहीसुद्धा नव्हतं. साय अगदी कागदाला खेटून वाढली होती.

"हे आपण देतोय ते," त्या म्हणाल्या. "मला काही कळेनासं झालंय. तोंडाने द्यायचं हे औषध बाजारात नाही. सुईचं आहे, तेही आम्ही फार क्वचित वापरतो, कुलपात ठेवतो. या जंतूची आणि या औषधाची गाठ पडलीच कुठे? घरात हे कुणी घेतलंय का?"

"कोण घेणार?" मी फटकन म्हणाले. "कुणी नाही."

आणि ते मला खरंच वाटत होतं.

त्या थाळीवर एकाच चकतीभोवती नीट गोल होता. एक जुनं इंजेक्शन. डॉक्टर बाई म्हणाल्या, कानामागच्या हाडात संसर्ग उतरलाय, तिथून मेंदू जवळ आहे, थांबायला वेळ नाही. हे इंजेक्शन जीव वाचवेल. पण ते ऐकण्याच्या नसेला इजा करू शकतं. होईलच असं नाही, पण होऊ शकतं. एकदा झाली तर ती भरून येत नाही.

बस घाटात असताना ब्रेक लागला नाही तरी मी इतकी घाबरले नसते. मी नवऱ्याकडे बघितलं.

"द्या," तो म्हणाला. बाहेरच्या व्हरांड्यातल्या माणसांनी वळून पाहिलं, इतक्या मोठ्याने म्हणाला.

भूल देऊन मानेतली शीर शोधली आणि इंजेक्शन सुरू झालं. त्या दिवसापासून मी एकच विचारायचे, तिला ऐकू येतंय का? नर्सला विचारायचे, सफाईवालीला विचारायचे. डॉक्टर बाई म्हणायच्या, अहो, ती ग्लानीत आहे, तापाने फणफणलीय, आत्ता काहीच कळणार नाही, शुद्धीवर येऊ दे. मग मी नवऱ्याला विचारायचे, आणि तो बिचारा म्हणायचा, येत असेल.

एकदा डॉक्टर बाई राउंडला आल्या असताना ढमीची चोखणी पलंगावरून खाली पडली. आई वाकली, चोखणी उचलली, स्वतःच्या तोंडात घातली, फिरवली आणि ढमीच्या ओठांशी नेली.

"थांबा!" डॉक्टर बाई ओरडल्या.

आई दचकली. हात तसाच हवेत.

"तुम्ही हे नेहमी करता?"

"अहो, माझी लाळ आहे, विष नाही काही," आई म्हणाली. "भरवतेसुद्धा मी चाखूनच."

"तुम्ही काम काय करता?"

आता आईला आवडता विषय मिळाला. ताठ बसून म्हणाली, "मी औषधं चाखते. ते तुमचं नवीन औषध आहे ना, नॅनोचं, ते माझ्याच जिभेवरून पास झालंय. वर्षभर रोज चाखतेय."

डॉक्टर बाईंनी बाजूचं स्टूल ओढलं आणि त्या त्यावर बसल्या. मग त्यांनी नर्सला कापसाची काडी आणायला सांगितली आणि आईला म्हणाल्या, "तोंड उघडा." हिरड्यांवरून, गालाच्या आतून, जिभेखालून काडी फिरवली. आई तोंड वासून माझ्याकडे बघत होती. आपलं काय चुकलं, हे तिला कळत नव्हतं. मलाही कुठे कळत होतं?

इंजेक्शनने ताप उतरायला लागला. कानामागची सूज ओसरली. ज्या सकाळी ढमीने पहिल्यांदा डोळे नीट उघडले, त्याच दिवशी दुपारी डॉक्टर बाईंनी मला आणि आईला ड्रेसिंगच्या खोलीत बोलावलं. तिथे लॅबचे साहेब आधीच येऊन बसले होते. चाळिशीचा माणूस, शर्टाचं वरचं बटण लावायचं राहिलेलं. टेबलावर आता दोन थाळ्या होत्या.

"ही नातीच्या कानातली," डॉक्टर बाई म्हणाल्या. "आणि ही आजीच्या तोंडातली."

दोन्हीवर नवीन औषधाच्या चकतीभोवती काही नव्हतं. दोन्हीवर साय कागदाला खेटून. दोन्हीवर त्याच एका चकतीभोवती गोल. मला शाळेत विज्ञान कधी जमलं नाही, पण त्या दोन थाळ्या आंधळ्यालाही सारख्या दिसल्या असत्या.

"शक्यच नाही," साहेब म्हणाले. "त्या गिळत नाहीत. थुंकतात. चुळा भरतात. इतकी वर्षं हीच पद्धत आहे, कुणाला कधी काही झालेलं नाही."

"इतकी वर्षं साधी औषधं होती," डॉक्टर बाई म्हणाल्या. "हे कण तुम्ही कशासाठी बनवलेत?"

"चिकटण्यासाठी. आतड्याच्या अस्तराला."

"आणि तोंडाला अस्तर नसतं?"

साहेबांनी आजीची थाळी जवळ ओढली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तो माणूस वाईट नव्हता, हे मला तेव्हाही दिसत होतं. आपण केलेलं काम आपल्याच डोळ्यांदेखत उलटताना बघत होता बिचारा. स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "चूळ भरून निघणार नाहीत. हिरड्यांत बसून राहतील. दिवसभर थोडं थोडं औषध सोडतील... इतकं थोडं, की जंतू मरणार नाहीत."

"नुसते सरावतील," डॉक्टर बाई म्हणाल्या. "रोज. वर्षभर. आणि चोखणीवरून नातीच्या घशात, तिथून कानात."

"म्हणून चहा कडू लागायचा," आई म्हणाली.

एवढंच म्हणाली ती. आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चहा? तुला चहाचं पडलंय? अगं, तुला थुंकायला सांगितलं होतं ना त्यांनी? थुंकायचं सोडून माझ्या पोरीच्या तोंडात घातलंस तू ते! कितीदा सांगितलं चोखणी धू, चमचा बदल. ऐकलंस कधी? तिचे कान गेले ना, तर मी तुला जन्मात माफ करणार नाही. ऐकतेयस का? जन्मात!"

आईने खाली बघितलं. माझी आई उलट उत्तर देणारी बाई आहे. त्या दिवशी तिने दिलं नाही, आणि मला थांबता आलं नाही, म्हणून मी आणखी बोलले. ते मला आठवतंय, पण सांगणार नाही.

साहेब घसा खाकरून म्हणाले, "माझी एकच विनंती आहे. हे इतक्यात बाहेर बोलू नका. आम्हाला नीट तपासू द्या. गिळलं तर हे औषध उत्तम आहे हो. गडबडीत ते बंद पडलं, तर ज्यांना शीरच सापडत नाही अशा किती बाळांचं नुकसान होईल, बघा. थोडे दिवस द्या मला."

मी त्यांच्यावर घसरणारच होते, तेवढ्यात आईने मान वर केली.

"साहेब, आज पॅनेल बसलं होतं?"

"हो. सकाळीच."

"सगळ्या होत्या?"

"तुम्ही सोडून पाचही जणी."

आई उठली. टेबलाचा आधार घेऊन उठली, खुर्ची मागे सरकून भिंतीवर आदळली तरी तिचं लक्ष नव्हतं. "पाचही जणींच्या घरी पोरं आहेत," ती म्हणाली आणि सरळ बाहेर पडली. साहेब "अहो, जरा ऐका" म्हणत मागे आले. डॉक्टर बाईंनी दारात हात आडवा धरला आणि त्यांना म्हणाल्या, "तुम्ही बसा."

आईचा फोन ढमीच्या पलंगाशी चार्जिंगला लावलेला होता. ती पलंगाच्या डोक्याकडे भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिने पहिला नंबर लावला. पॅनेलमधली सगळ्यांत जुनी बाई, तिला सगळ्या थोरली म्हणतात. तिला आई हळू आवाजात, एकेक शब्द तोडून सांगत होती. मुलांना भरवू नकोस, पापे घेऊ नकोस, उद्यापासून तोंडात काही घेऊ नकोस, इथे येऊन तपासून घे. पलीकडून काहीतरी हसल्यासारखा आवाज आला. आई म्हणाली, "माझी नात इथे पडलीय, थट्टा वाटते तुला?" मग तो आवाज थांबला.

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. नवरा डबा घेऊन नुकताच आला होता, मी त्याला काय झालं ते सांगत होते. ढमी कुशीवर वळून, आजीकडे पाठ करून पडली होती. डोळे उघडे, ताप नाही, अगदी शांत. चादरीचं टोक धरून ती निरखत होती, तोंडात घालत होती, काढत होती. किती दिवसांनी खेळत होती!

आईने दुसरा नंबर लावला. फोन स्पीकरवर गेला असावा, कारण पलीकडचं आम्हाला सगळं ऐकू आलं.

"नंतर करते गं. नातवाला भरवतेय, सूप निवतंय बघ..."

"चमचा खाली ठेव!" आई किंचाळली.

माझी आई कधी ओरडत नाही. ओरडते ती मी. पण तिच्या नरड्यातून जो आवाज निघाला, तसा माझ्याही कधी निघाला नव्हता. नर्सच्या हातातला ट्रे खाली पडला. समोरच्या पलंगावरचं बाळ झोपेतून दचकून टाहो फोडून रडायला लागलं, मग त्याच्या शेजारचं, मग खिडकीजवळचं. नवऱ्याच्या हातातून डब्याचं झाकण सुटलं. "ठेव म्हणते ना! आधी खाली ठेव तो!"

ढमी चादरीचं टोक निरखत होती.

मला आधी लक्षातच आलं नाही. मग आलं. मी पलंगाला वळसा घालून तिच्या पाठीशी गेले आणि तिच्या डोक्यामागे जोरात टाळी वाजवली. काही नाही. "ढमे!" मी हाक मारली. भर रस्त्यात ट्रकवाल्याला मागे घ्यायला लावणारा माझा आवाज. तिने चादर तोंडात घातली. मी वाकून वरच्या, बऱ्या कानाशी तोंड नेलं आणि पुन्हा हाक मारली. तिच्या गालाला माझा श्वास लागला असेल. तेव्हा ती वळली, मला बघितलं, आणि मला ओळखून खुशीत हसली.

नवरा माझ्याकडे बघत होता. त्यालाही कळलं होतं.

आईने काही पाहिलं नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलत होती, समजावत होती, विनवत होती. पलीकडची बाई आता रडत होती. आईने फोन ठेवला, पदराने तोंड झाकल्यासारखा हात ओठांवर दाबून धरला, आणि मग आजूबाजूला रडणाऱ्या पोरांकडे बघून तिला भान आलं.

"काय बाई मी ओरडले," ती म्हणाली. पलंगाजवळ यायला तिचा पाय उचलेना. लांबूनच मान उंचावून तिने विचारलं, "घाबरली का गं ती? दचकली का माझ्या आवाजाने?"

बोलायला माझ्याकडे खूप होतं. आयुष्यात कधी जिभेवर आलेलं मी परत गिळलेलं नाही. आईच्या हातात फोन होता, आणि अजून तिघी राहिल्या होत्या.

"नाही," मी म्हणाले. "अजिबात नाही दचकली. तू पुढचा नंबर लाव."